सहाशे किलोचे हूक एकशेनव्वद किलोला का उघडले?

बडोद्याच्या रावपुऱ्यातला जुना वाडा सोडून वाघोडिया रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या एका मराठी कुटुंबाच्या झोपाळ्याचे हे प्रकरण. बडोद्यात मराठी घर काय आणि गुजराती घर काय, दिवाणखान्यात झोपाळा हवाच. हा झोपाळाही चारचौघांसारखा. १.८ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ४ सेंमी जाड सागवानी फळी आणि तिच्या चार कोपऱ्यांना पितळी कड्यांच्या चार साखळ्या. फळी २८ किलो, पितळ १२ किलो, मिळून ४० किलो. हूकपासून फळीपर्यंतची उभी उंची २.४ मीटर.

वाड्यात तो सागवानी तुळयांना टांगलेला होता आणि दोन पिढ्यांत त्याने कधी कुरकुर केली नव्हती. फ्लॅटमध्ये फॅब्रिकेटरने स्लॅबमध्ये १२ मिमी सळईचे चार उघड्या तोंडाचे हूक बसवून दिले आणि खात्रीने सांगितले की एकेक हूक दीडशे किलो झेलतो, चार मिळून सहाशे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरे जमली. झोपाळा कट्-कट् वाजू लागला, हुकांभोवतीच्या प्लॅस्टरला केसाएवढ्या भेगा पडल्या. पाहिले तर दोन हुकांची तोंडे उघडलेली. फॅब्रिकेटरने तसेच नवे हूक लावून दिले, तर काही दिवसांत तेही उघडू लागले. झोपाळ्यावर तेव्हा तीन मुले असत, साधारण ५० किलोची एकेक. फळी-साखळ्या धरून १९० किलो.

फॅब्रिकेटर खोटे बोलला नव्हता. उघड्या हूकमध्ये ओढ सळईच्या अक्षातून जात नाही, बाजूने जाते, म्हणून हूक तुटण्याआधी सरळ होऊ पाहतो. आतला व्यास ४० मिमी धरला तर ओढीची रेषा सळईच्या मध्यापासून २६ मिमी लांब पडते. त्या वाकवणाऱ्या बलाघूर्णाने (बल गुणिले हे अंतर) आणि सरळ ओढीने मिळून १२ मिमीच्या सळईत येणारे प्रतिबल, म्हणजे दर चौरस मिमीवरचे बल, काढले की साध्या पोलादाची मर्यादा, म्हणजे दर चौरस मिमीला २५० न्यूटन, साधारण १५४० न्यूटनला गाठली जाते. ९.८ ने भागले की १५७ किलो. दीडशेचा आकडा बरोबर. (बाजारात हूक किलोत विकले जातात. किलो हे वस्तुमान आणि न्यूटन हे बल, हा भेद दुकानात कोणी पाळत नाही, आणि पाळला नाही तरी चालते. फक्त झोपाळा हलत नसेल तोवर.)

मग चुकले काय? त्याचा पहिला धागा उघडलेल्या हुकांच्या जागेतच होता. पुढचा डावा हूक अ, पुढचा उजवा ब, मागचा उजवा क, मागचा डावा ड अशी नावे दिली, तर उघडले होते अ आणि क. ब आणि ड जसेच्या तसे. हूक कच्चे असते तर चारांपैकी कुठलेही गेले असते. समोरासमोरच्या कर्णावरचे दोनच जातात, तेव्हा भार चौघांत वाटला जात नाहीये हे उघड आहे.

तीन आधारांवर टेकलेली वस्तू आपोआप स्थिर बसते. चौथा आधार आला की समतोलाची समीकरणे तेवढीच राहतात आणि अज्ञात बले एकने वाढतात. चार पायांचे टेबल डुगडुगते ते याचसाठी. झोपाळ्यात डुगडुग दिसत नाही, कारण सैल साखळी स्वतःच्या वजनाने सरळच लोंबते आणि डोळ्याला ताठ वाटते. वाड्यात तुळया एका पातळीत नव्हत्या, म्हणून प्रत्येक साखळीच्या कड्या त्या त्या तुळईच्या मापाने जुळवलेल्या होत्या. सामान हलवताना त्यांची सरमिसळ झाली. फ्लॅटमध्ये अ आणि क या साखळ्या ६ मिमीने आखूड पडल्या, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा पुरतो. झोपाळ्यावर माणसे बसवून तो स्थिर करायचा. एका साखळीच्या बरोबर मध्यावरच्या जोडाला काटा अडकवायचा आणि जोड मूळ जागेपासून २ सेंमी सरकेपर्यंत आडवा ओढायचा. ताठ साखळी जास्त विरोध करते, सैल कमी. आडवे बल = ४ × ताण × सरकवलेले अंतर ÷ साखळीची लांबी. तीन मोठी माणसे बसली की एकूण वस्तुमान २२० किलो. भार चौघांत सारखा असता, तर प्रत्येक साखळीला काटा सुमारे १.८ किलो दाखवायला हवा होता. नव्याने लावलेल्या १२ मिमीच्याच हुकांवर, ते उघडण्याआधी, काट्याने दाखवले: अ ३.५, क ३.४, ब ०.२, ड ०.१. बेरीज ७.२, म्हणजे अपेक्षेइतकीच. वाटणी मात्र अशी की अ आणि क प्रत्येकी जवळपास निम्मा भार वाहताहेत आणि ब, ड शोभेला आहेत.

ब आणि ड यांनी एक काम मात्र केले. अ आणि क उघडून सहा-सात मिमी खाली आले की ब, ड ताणात येतात आणि भार पुन्हा चौघांत वाटला जातो. म्हणून हूक अर्धवट उघडून थांबले, फळी कोसळली नाही. पोलाद आधी वाकते, मग तुटते, या त्याच्या स्वभावाने वेळ दिला. बीडाचे हूक असते तर वेळ मिळाला नसता.

पण वाटणीचा दोष सगळा दोष नव्हे. हीच वाटणी मोठी माणसे बसतानाही होती, आणि त्यांचे वजन मुलांपेक्षा ३० किलोने जास्त. रोज संध्याकाळी तीन मोठी माणसे बसत, तेव्हा हूक शाबूत राहिले. हलकी मुले बसली आणि उघडले. फरक झोक्याचा.

फळी सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना सरळ रेषेत चाललेली नसते, वर्तुळाच्या कमानीवर वळत असते. वळायला हूकच्या दिशेने, म्हणजे वर, बल लागते. ते अभिकेंद्री बल आकाशातून येत नाही, साखळीच देते. म्हणजे साखळीला वजन तर पेलायचेच, वर वळवण्याचे बलही पुरवायचे. किती? टोकाला वेग शून्य, तिथली स्थितिज ऊर्जा तळाशी गतिज होते. त्यातून वेगाचा वर्ग मिळतो, त्याला वस्तुमानाने गुणून साखळीच्या लांबीने भागले की अभिकेंद्री बल. गंमत अशी की वेगाच्या वर्गात लांबी वर येते आणि भागताना उडून जाते. उरते एवढेच:

तळाशी एकूण ताण = वजन × (३ − २ × कॉस कोन)

कोन म्हणजे टोकाला साखळी उभ्या रेषेपासून किती झुकते तो. साखळी दोन मीटरची असो की दहा, त्याच कोनाला ताणाची पट तीच. अनेकांना वाटते उंच झोपाळा हूकला जास्त ओढतो. तसे नाही. उंच झोपाळ्याचा वेग जास्त असतो, पण त्याचे वळणही तितकेच सौम्य असते.

१० अंशांच्या झोक्याला ही पट १.०३ येते. संध्याकाळचा चहा घेत पायाने जमीन रेटणाऱ्यांचा झोका तेवढाच. ३० अंशांना १.२७, ४५ ला १.५९, ६० ला बरोबर २. मोठी माणसे: २२० किलोचे वजन २१५६ न्यूटन, गुणिले १.०३, म्हणजे सुमारे २२२० न्यूटन. मुले: १९० किलोचे १८६२ न्यूटन, ४५ अंशांचा झोका, म्हणजे सुमारे २९५० न्यूटन. तीस किलोने हलकी मुले हूकला एकतृतीयांश जास्त ओढत होती. त्या झोक्यात फळी टोकाला ७० सेंमी वर चढते आणि तळाशी सेकंदाला ३.७ मीटर वेगाने जाते, म्हणजे तासाला १३ किलोमीटरच्या वर. दिवाणखान्यात हे फार होते.

आता अ हूकचे गणित एकत्र मांडू. मोठी माणसे, हळू झोका, भार चौघांत सारखा असता तर प्रतिबल ९३. तीच माणसे, पण भार दोघांवर: १८६. मुले, ४५ अंश, भार दोघांवर: २४७. (सगळे न्यूटन दर चौरस मिमी.) मर्यादा २५०. शिवाय हूक वळलेला असल्याने आतल्या बाजूला प्रतिबल या सरळ हिशेबापेक्षा जास्तच येते. उघडायला आणखी कारण नको. सारखी वाटणी असती तर मुलांच्या त्याच धिंगाण्यातही आकडा १२५ च्या आत राहिला असता. फक्त जाड हूक घेऊन हा प्रश्न सुटतो असे जे समजतात, त्यांनी ही शेवटची ओळ दोनदा वाचावी.

तळाशी भार वाढतो हे मुलांना पटवायला शब्दांपेक्षा काटा बरा. वजन करायचा जुना, गोल तबकडीचा स्प्रिंगवाला काटा फळीवर ठेवून त्यावर बसावे. डिजिटल काटा चालत नाही, तो आकडा स्थिर व्हायची वाट पाहत बसतो. २० अंशांच्या बेताच्या झोक्याला ५० किलोच्या मुलाचा काटा तळाशी ५६ कडे जातो आणि टोकाला ४४ कडे उतरतो. टोकाला क्षणभर वेग शून्य असतो, म्हणून तिथे बलही शून्य असेल ही समजूत इथेच मोडते. काटा ४४ दाखवतो, म्हणजे निव्वळ बल खाली आहे, आणि फळी परत फिरते ती त्याच बलाने. वेग शून्य आणि त्वरण शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकाला वेग नाही, पण मार्गाच्या दिशेचे त्वरण तिथेच सर्वांत जास्त.

कट्-कट् आवाजाचे कारण आणखी वेगळे, आणि ते चार हुकांच्या झोपाळ्यातच असते. बागेतल्या झोपाळ्यात दोन्ही बाजूंच्या साखळ्या वर एकेका बिंदूत मिळतात, त्यामुळे पाट साखळीबरोबर कलतो. इथे पुढच्या-मागच्या साखळ्या समांतर आहेत. फळी कलत नाही, सपाटच राहून पुढे-मागे जाते. फळी कलू न देण्यासाठी साखळ्यांच्या एकत्र बलाची रेषा गुरुत्वमध्यातून जायला लागते. झोका पुढे गेला की ती तिरपी रेषा फळीच्या पुढच्या कडेकडे सरकते, मागे गेला की मागच्या कडेकडे. बसलेल्या माणसांचा गुरुत्वमध्य फळीच्या थोडाच वर असतो, म्हणून निभते. पण दोन मुले उभी राहून झोका घेताहेत आणि तिसरे बसले आहे, असे झाले की एकत्रित गुरुत्वमध्य फळीपासून अर्ध्या मीटरहून थोडा वर जातो. साखळ्यांच्या जोड्यांमधले अंतर ५० सेंमी. हिशेब केला तर सुमारे २५ अंशांपुढे मागची जोडी पूर्ण सैल पडते. परत येताना ती झटक्याने ताठ होते. तो कट्. प्रत्येक हेलकाव्यात पुढे एक, मागे एक. झटक्याचे बल वरच्या आकड्यांत धरलेलेच नाही.

सपाट फळीचा आणखी एक धोका, ज्याचा हुकांशी संबंध नाही पण पडण्याशी आहे. फळी कलत नसल्याने बसणाऱ्याला तिच्याबरोबर ठेवायचे काम घर्षण करते. टोकाला लागणारे घर्षण आणि फळीचा आधार यांचे गुणोत्तर झोक्याच्या कोनाच्या टॅनइतके येते. गुळगुळीत पॉलिश आणि सुती कपडे यांचा घर्षणांक ०.३५ च्या आसपास धरला तर १९-२० अंशांपुढे माणूस घसरू लागतो. साखळी धरलेली नसेल तर पुढच्या टोकाला तो फळीवरून पुढे जातो. झोपाळा मागे थांबतो आणि मूल मात्र जडत्वाने पुढे. संखेड्याच्या लाखकामासारखी चकचकीत फळी दिसायला देखणी, पण लहान मुलांच्या घरात तिच्यावर पातळ गादी बांधलेली बरी.

राहिल्या प्लॅस्टरच्या भेगा. फळीवर साखळ्यांमधले लांबीकडचे अंतर १.६ मीटर, पण छतातले हूक २.८ मीटर अंतरावर ठोकलेले. बसणाऱ्याला बाजूने ऐसपैस वाटावे म्हणून तसे करतात. साखळ्या दोन्हीकडे १४ अंशांनी फाकल्या. त्याने साखळीतला ताण जेमतेम ३ टक्के वाढतो, म्हणून कोणी त्याकडे लक्ष देत नाही. पण हूकला बाजूची ओढ लागते ती उभ्या भाराच्या चौथ्या हिश्श्याइतकी. त्यात झोक्याची पुढे-मागे ओढ. ४५ अंशांच्या झोक्यात ती वजनाच्या सहा दशांशांपर्यंत जाते आणि दर हेलकाव्यात दिशा बदलते. हूकची मान स्लॅबखाली ८ सेंमी लोंबत होती. एवढ्या लांब दांड्याला आडवे पाचशे-साडेपाचशे न्यूटन लागले की मुळाशी १२ मिमीची सळई स्वतःच मर्यादेला पोचते आणि पुढे-मागे वाकू लागते. भेगा त्याच्या. हूक कितीही चांगला असो, त्याची मान आखूड हवी.

दुरुस्ती करताना स्लॅबला पुन्हा हात लावला नाही. वर शेजाऱ्यांची फरशी, त्यामुळे आरपार बोल्ट घालून वर प्लेट बसवणे शक्य नव्हते, आणि खालून स्लॅबमध्ये ठोकलेल्या फास्टनरला रोज उपटण्याच्या दिशेने ओढत राहणे हा आमच्या मते वाईट बेत. इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून, खोलीच्या दोन बाजूंच्या आरसीसी बीमांच्या दरम्यान १०० मिमीचे दोन सी-चॅनल (सी आकाराच्या छेदाच्या पोलादी तुळया) टाकले. बीमाच्या बाजूला बोल्ट मारले की त्यांच्यावर उपटणारी ओढ येत नाही, आडवे कापू पाहणारी, म्हणजे कातर, येते, आणि काँक्रीटमधला बोल्ट कातर फार चांगली सोसतो. सी-चॅनल उभ्या भाराला दणकट पण आडव्याला लेचापेचा. पुढे-मागेची ओढ नेमकी आडवी. म्हणून दोन्ही चॅनल तीन ठिकाणी आडव्या तुकड्यांनी वेल्ड करून एकमेकांना जखडले. वेल्डिंग मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये करून घ्यावे. छताखाली उभे राहून, मान वर करून मारलेल्या वेल्डवर माणसे टांगू नयेत.

हूक १६ मिमीचे, बंद तोंडाचे, मान २ सेंमी. १२ चे १६ केल्याने वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने, म्हणजे २.३७ पट वाढते. तोंड बंद केल्याचा फायदा वेगळाच. हुकांमधले अंतर फळीइतकेच, १.६ मीटर, त्यामुळे साखळ्या उभ्या. पितळी कड्यांपैकी दोनच्या वरच्या डोळ्यांत २ मिमी खोल खाच पडली होती. १० मिमीच्या सळईत तेवढी खाच म्हणजे वाकण्याची ताकद ढोबळमानाने निम्मी. त्या कड्या बदलल्या.

प्रत्येक साखळीत एक टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड) घातला. तीन माणसे बसवून पुन्हा बॅगेचा काटा लावला आणि चारही साखळ्या १.६ ते २.० किलोच्या दरम्यान येईपर्यंत टर्नबकल पाव-पाव फेरा फिरवला. मग ते आपोआप फिरू नयेत म्हणून त्यांचे चेकनट आवळले. आधी साखळी हाताने चाचपून जुळवायचा प्रयत्न झाला होता. हाताला १.८ आणि २.५ मधला फरक कळत नाही.

चाचणीला माणूस बसवायचा नाही. वाळूची ५० किलोची १२ पोती फळीवर पसरून ठेवली, ६०० किलो, म्हणजे मुलांच्या त्या ४५ अंशांच्या झोक्याच्या सुमारे दुप्पट. आणि फळीखाली विटा अशा रचल्या की मध्ये २ सेंमी फट राहील. काही सुटलेच तर पडणे दोन सेंमीचेच. तासाभराने हुकांची तोंडे, वेल्ड आणि बीमातले बोल्ट तपासले, काटा पुन्हा लावला. आकडे हलले नव्हते.

एक नवी अडचण मात्र दुरुस्तीनेच आणली. आवाज जावा म्हणून हूक बेअरिंगवाले घेतले होते. आवाज गेला, पण घर्षणही गेले. पूर्वी २० अंशांचा झोका आपोआप १० वर यायला आठ-नऊ हेलकावे लागत, आता पंचविसाच्या वर लागतात. झोक्याची ऊर्जा कोनाच्या साधारण वर्गाने वाढते: २२० किलोला १० अंशांवर ७९ जूल, २० अंशांवर ३१२. पायाच्या एका रेट्यात दहा-बारा जूल जातात. घर्षण ती ऊर्जा खात होते तोवर झोका आवाक्यात राहत असे. आता दर ३.१ सेकंदाच्या हेलकाव्याला ताल साधून तेवढाच रेटा दिला तरी झोका वाढत जातो. म्हणून जमिनीवर, फळीच्या स्थिर कडेपासून १.२ मीटरवर पुढे-मागे रंगीत टेप चिकटवली. फळीची कड टेपवर आली की ३० अंश झाले. तेवढ्या झोक्यात बसलेल्या तीन मुलांचा ताण सुमारे २३६० न्यूटन होतो, म्हणजे आजी-आजोबांच्या संध्याकाळच्या बैठकीहून फार वेगळा नाही. उभे राहून झोका घेणे बंद. टर्नबकलचे चेकनट दर सहा महिन्यांनी पाहायचे, आणि कड्यांच्या डोळ्यांत व्हर्नियरने १ मिमीहून जास्त झीज दिसली की कडी बदलायची.